आईच्या गुलाबाचं कलम

मामाजींवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर, त्या दिवशी मी जितकी चिडले तितकी पंचवीस वर्षांच्या संसारात कधी चिडले नव्हते. आणि चिडून करता काय? माणूस घाम पुसत, कौतुकाची वाट बघत समोर उभा.

सेलूला माहेरच्या फाटकावर गुलाबी वेलगुलाब होता. फुलला की गल्लीच्या तोंडाशीच वास यायचा. बाबा गेल्यावर आई माझ्या भावाकडे पुण्याला गेली, घर विकलं, आणि नव्या मालकानं गाडी ठेवायला वेल मुळासकट काढला. नशीब, त्याआधीच मी त्याची काडी आणून नर्सरीवाल्याकडून देशी गुलाबाच्या खुंटावर कलम करून घेतलं होतं. वर्ध्याच्या आमच्या घरी जिन्यापाशी ते लावलं. दोन वर्षं ते रोडावलेलंच राहिलं. वीतभर फांदी, चार पानं. पण जिवंत होतं.

मामाजी आंजीहून आमच्याकडे राहायला आले तो मे महिना. उभा जन्म कापसाच्या शेतात गेलेला. एका जागी दोन रोपं उगवली की दमदार ठेवायचं, मरतुकडं उपटायचं, ही हाताची सवय. मी बाजारातून येते तो काम फत्ते! खुंटातून फुटलेला जंगली कोंब तेवढा ठेवलेला, आणि आईचा गुलाब कापून कचऱ्यात.

"सूनबाई, ते मरेल फांदी काऊन ठेवली होती? आता पाहा, वेल कसा पळते!"

"मामाजी, तोच त गुलाब होता! हा नुसता खुंट आहे."

"दोन्हीले काटे त आहेत," म्हणून ते हसले.

कापलेली फांदी मी पाण्यात ठेवली, कुंडीत खोचली, वर ओलं पोतं बांधलं. वर्ध्याच्या उन्हात ती चौथ्या दिवशी काळी पडली.

जंगली कोंब मात्र माजला. मामाजी त्याला रोज पाणी घालत, सुतळीनं कठड्याला बांधत, आल्यागेल्याला दाखवत. मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. फूल एक नाही. आई फोनवर विचारायची, "फुलला का वं?" मी म्हणायचे, "अजून नाई." तिला खरं सांगायची हिंमतच होत नव्हती.

दिवाळीनंतर आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी वेलाशी गेली आणि पानं उलटून पाहिली. एका नजरेत कळलं तिला.

"पाहा, तुमच्या सेलूचा गुलाब कुठवर नेला!" मामाजी म्हणाले.

"मस्त वाढवला, भाऊ," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात गेल्या गेल्या मी तिला धरलं. "खोटं काऊन बोलली?"

"म्हातारा माणूस. जाऊ दे." ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "तुले त्याचा वास आठवते?"

"आठवते ना."

"मले आता आठवत नाई. म्हणून त आलती मी, आता त फुलला असन म्हणून. सांग ना, कसा होता?"

"गोड," मी म्हणाले, आणि अडकले. गोड तर कुठल्याही गुलाबाचा असतो. आई वाट बघत होती.