अजून न आलेली माणसं

आमच्या नियोजन कार्यालयात तिला सगळे ठिपकेबाई म्हणायचे. ती आरेखक होती. शहर आणि भोवतालची गावं मिळून एक भलामोठा नकाशा होता. येत्या तीस वर्षांत त्यात कुठे किती माणसं वाढतील ते काळ्या शाईच्या ठिपक्यांनी दाखवायचं, हे तिचं काम. एक ठिपका म्हणजे पाचशे माणसं. आकडे साहेब द्यायचे, ठिपके ती द्यायची. मी शेजारच्या टेबलावर रस्त्यांच्या रुंद्या लिहीत बसायचो, त्यामुळे तिचं काम मी अगदी जवळून पाहिलंय.

ती भराभर ठिपके देत नसे. पेन टेकवण्याआधी क्षणभर थांबायची. कधी कधी तर इतका वेळ थांबायची की शाई निबावरच सुकायची.

"बाई, एवढा कसला विचार करता?" मी एकदा विचारलं.

"पाचशे माणसं आहेत हो," ती म्हणाली. "कुठेही कशी ठेवू?"

मला हसू आलं, पण ती गमतीत बोलत नव्हती. तिला ती माणसं दिसायची. डबा खाताना सांगायची, इथे एक बाई गच्चीवर कपडे वाळत घालतेय, वारा सुटलाय, चिमटे कमी पडतायत. इथे कोपऱ्यावर एक न्हावी आहे, त्याला बोलायची फार हौस. आणि हे सगळं कुठे, तर जिथे त्या दिवशी गवताशिवाय काही नव्हतं.

तिचं स्वतःचं बालपण असंच कडेला गेलेलं. सहा वर्षांची असताना तिचं कुटुंब शहराच्या टोकाला राहायला आलं. घर होतं, पत्ता नव्हता. पोस्टमन सगळी पत्रं पंक्चरवाल्याकडे टाकून जायचा. शाळा इतकी लांब, की नऊ वर्षांची होईपर्यंत तिला कुणी शाळेत घातलंच नाही. पुढे नोकरीला लागल्यावर तिने कार्यालयाच्या कपाटातून त्या काळातला नकाशा काढून पाहिला. "आमच्या जागी नुसता पांढरा कागद होता," ती मला म्हणाली. "त्या पांढऱ्यात आम्ही सहा जण जेवत होतो, भांडत होतो. कुणाला पत्ता नाही."

तिचा नवरा बसमध्ये कंडक्टर होता. पूर्वेकडच्या मार्गावर त्याची वर्षानुवर्षं ड्युटी. वीटभट्ट्यांच्या पलीकडे माळावर बस वळायची, तो शेवटचा थांबा. संध्याकाळी तो घरी आला की चहाचा कप हातात देण्याआधी ती विचारायची, "अहो, आज शेवटच्या थांब्याला किती उतरले?"

"सतरा. आणि एक शेळी."

"शेळी कुणाची?"

"अगं, शेळीला कोण विचारतं? पण तिच्या मालकिणीकडे पत्र्याची गुंडाळी होती. पुढच्या दाराने आत जाईना, मागच्या दाराने घेतली."

सासूबाई आतून म्हणायच्या, "पाव्हण्यांची मोजदाद झाली असेल तर जेवायला बसा." घरात त्या न आलेल्या माणसांना पाव्हणेच म्हणायचे. कंडक्टर उतरणाऱ्यांची संख्या रोज एका वहीत लिहून ठेवायचा. बायकोने सांगितलं म्हणून सुरू केलं, आणि मग त्यालाही चटक लागली.

त्या वर्षी तीस वर्षांचा मोठा आराखडा करायचा होता. साहेबांचं मत ठाम होतं, की वाढ पश्चिमेला होणार. तिकडे नदीकाठी रुंद रस्ता जाणार होता, मोठ्या इमारतींना परवानग्या मिळाल्या होत्या. पश्चिमेला चारशे वीस ठिपके, पूर्वेला चोवीस, असा कागद त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते. कामात मात्र चोख, आणि नकाशा पुरा झाला की पेन्सिल घेऊन ठिपके स्वतः मोजायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. "बाई, पूर्वेला पंच्याऐंशी झालेत."

तिने पेनाला टोपण लावलं.

"एकसष्ट जास्त. म्हणजे साडेतीस हजार माणसं. कुठून आणलीत?"

"मी नाही आणली साहेब. ती येतायत."

साहेबांनी शांतपणे ड्रॉवरमधून ब्लेड काढून तिच्यापुढे ठेवलं. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई ब्लेडने खरवडून काढतात. ती टेबलाशी येऊन बसली. तीन ठिपके खरवडले. चौथ्यापाशी तिचा हात चालेना. ती उठली आणि परत साहेबांकडे गेली.

"एकदा माझ्याबरोबर शेवटच्या थांब्यापर्यंत चला. त्यानंतर सांगाल तर सगळे काढते. तोंडातून ब्र काढणार नाही."

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण ते हो म्हणाले. मलाही त्यांनी बरोबर यायला सांगितलं. रविवारी दुपारी आम्ही तिघे तिच्या नवऱ्याच्या बसमध्ये बसलो. साहेब खिडकीशी, मांडीवर फाइल. नवऱ्याने तिकिटं फाडली आणि ओळख दाखवली नाही, ड्युटीवर होता ना.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माळावर धुळीचा पिवळसर पडदा, आणि त्यात मधोमध दारं उभी. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती दारं. निळी, हिरवी, रंग उडालेली, कुणाला कडी तर कुणाला काच. रांगेने तीस-चाळीस. वाऱ्याने त्यातलं एक हळूच उघडायचं, पलीकडचा माळ दाखवायचं आणि पुन्हा मिटायचं. मी बघतच राहिलो. आपण जागे आहोत की नाही, असं वाटायला लागलं.

दारांच्या कडेला एक माणूस स्टुलावर बसला होता, जुन्या दारा-खिडक्यांचा दुकानदार. साहेबांनी विचारलं, "इथे दारं कोण घेतं?"

"ज्यांच्याकडे भिंती नाहीत ते," तो म्हणाला. "आधी दार घेतात, मग त्याच्या मापाने भिंत उभी करतात. दोन वर्षांपूर्वी मी महिन्याला एक विकायचो. आता मला माल पुरत नाही."

थोडं पुढे चुन्याने आखलेला एक चौकोन होता. त्यात एक बाई वाकून लिंबाच्या रोपाला बाटलीतून पाणी घालत होती.

"इथे राहता का?" साहेब म्हणाले.

"राहणार आहे. सध्या रविवारी येते, झाडाला पाणी घालते, थोडा वेळ घरात बसते आणि जाते."

"घरात?"

"अहो, तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीत उभे आहात! जरा इकडे या, बाहेरच्या खोलीत."

आणि आमचे साहेब, ज्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही, मुकाट्याने दोन पावलं बाजूला होऊन बाहेरच्या खोलीत गेले. बाईने बसायला एक दगड दिला. ते बसले. तिने हाताने दाखवलं, ही खिडकी, हा ओटा, इथे मुलींचं टेबल. उतरत्या उन्हात तिचा हात फिरेल तिथे खोल्या उभ्या राहत होत्या. ठिपकेबाई नकाशावर पेन टेकवण्याआधी बघायची, तशी बघत होती.

सोमवारी साहेब म्हणाले, "बाई, पुराव्याच्या रकान्यात मला 'दारं' असं लिहिता येत नाही."

तिने पिशवीतून नवऱ्याच्या चार वर्षांच्या वह्या काढून ठेवल्या. रोजची तारीख, रोजचे उतरलेले. सतरांचे साठ झालेले, साठांचे दोनशे. साहेबांनी चष्मा पुसला. "हे मात्र लिहिता येतं."

समितीत बरीच ओढाताण झाली. एकसष्टपैकी चाळीस टिकले. पण त्या चाळीस ठिपक्यांमुळे पूर्वेकडे जाणारी पाण्याची मुख्य वाहिनी दुप्पट जाड झाली, आणि माळावर एका शाळेसाठी जागा राखून ठेवली गेली, त्या घडीला तिथे एकही मूल राहायला आलेलं नसताना.

पुढच्या दहा-बारा वर्षांत माळ भरला. पश्चिमही वाढली, नाही असं नाही, पण तिकडच्या उंच इमारतींतल्या कितीतरी खिडक्या बंदच राहिल्या. पूर्वेला शाळा दोन पाळ्यांत भरू लागली. कार्यालयात संगणक आले, ठिपके आपोआप पडू लागले, आणि बाई निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी, तेव्हा तेही थकले होते, भाषणात एवढंच म्हटलं, "मी माणसं मोजली. यांनी त्यांना जागा दिली." ती लाजून खाली बघत राहिली.

निवृत्तीनंतर ती पूर्वेला जायला लागली, नुसती हिंडायला. एकदा मला भेटली तेव्हा चेहरा पडलेला. "माझं चुकलंच," म्हणाली. "मला सगळी तरुण माणसंच दिसली हो. मुलं दिसली, शाळा दिसली. ही माणसं म्हातारी होतील, त्यांचे आईवडील मागून येतील, हे मनातच आलं नाही. तिथे टेकायला एक बाक नाही. रस्ते अरुंद, चढ मोठे. म्हाताऱ्या बायका दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात आणि दुकानदार उठवतात."

ती हातावर हात धरून बसणारी नव्हती. आमच्या जुन्या कार्यालयात खेटे घालायला लागली. नव्या मुलामुलींना वाटलं, बाईंना घरी करमत नसेल. पण तिने गल्ली न् गल्ली पायी फिरून, जिथे म्हातारी माणसं दम खायला थांबतात त्या जागा कागदावर उतरवल्या होत्या. सत्तेचाळीस जागा. वर्षभराने त्यातल्या एकोणीस ठिकाणी बाक आले.

गेल्या महिन्यात तिने मला तिकडे नेलं. बसथांब्याजवळच्या एका बाकावर एक आजी बसल्या होत्या, लेकाकडे नुकत्याच राहायला आलेल्या. त्यांची कुणाशी ओळख नव्हती. बाईने त्यांच्याशेजारी बसून, सरकून माझ्यासाठी जागा केली आणि त्यांना विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" आजी सांगायला लागल्या, नदी, पूल, पुलाखालची दुपार. बाई डोळे अर्धवट मिटून ऐकत होती. बस आली, थांबली, निघून गेली. आमच्या तिघांपैकी कुणीही उठलं नाही.