बाबा आणि माझी भट्टी

माझ्या वडिलांनी तरुणपणी आमच्या नागपूरच्या वस्तीतली दारूची भट्टी बंद पाडली होती. रोज संध्याकाळी ते वस्तीतल्या बायकांना घेऊन भट्टीच्या दारात बसत. शेवटी भट्टीवाल्यानेच गाशा गुंडाळला. अशा माणसाच्या मुलीने जर्मनीत येऊन बिअरचा धंदा काढावा, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी त्याला कर्तबगारी म्हणते.

ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात मी यीस्टवर संशोधन करायला आले. त्याआधी इंग्लंडमध्ये शिकत असताना तिथल्या पबमधली जुन्या पद्धतीची बिअर, म्हणजे एल, मला मनापासून आवडली होती. वरून गॅस न भरलेली, पिंपातच जिवंत यीस्टवर दुसऱ्यांदा आंबणारी, आणि तळघर असेल तेवढीच गार. पुढे डॉक्टरेट झाली, चांगली नोकरी लागली, पण त्या पिंपाने पिच्छा सोडला नाही. शेवटी एका बंद पडलेल्या लाँड्रीची जागा घेतली, आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, खेटे घातले आणि सुरुवात केली. बिअरच्या देशात इंग्रजांची बिअर, तीही नागपूरच्या बाईच्या हातची! लोक आधी गंमत म्हणून आले, मग चवीसाठी यायला लागले. फेस एवढा कमी का, असं कुणी विचारलं की मी व्याख्यान देते. नवरा म्हणतो, बिअरपेक्षा तेच जास्त चढतं.

बाबांच्या मात्र हे गळी उतरलं नव्हतं. ते रागावले नाहीत, बोलणं टाकलं नाही. फक्त मुलगी काय करते असं कुणी विचारलं की सांगायचे, "फूड लाइनमध्ये आहे." दुसऱ्या कुणी नावं ठेवली असती तर मी खुशाल ठेवू दिली असती. पण ज्या बाबांनी मला प्रत्येक ठिकाणी ताठ मानेने पाठवलं, त्यांनीच माझ्या कामाचं नाव गिळावं, हे मला फार लागायचं. एकदा तरी त्यांनी ते नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ते आमच्याकडे राहायला आले. सकाळी वंदना, पंचशील. पाचवं शील, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं, ते जरा आवाज चढवून म्हणतात असा मला दाट संशय होता. मग थर्मासमध्ये चहा घेऊन माझ्याबरोबर ब्रुअरीत यायचे आणि खिडकीशी बसून मोबाइलवर मराठी पेपर वाचायचे. पिंपांकडे पाहायचेही नाहीत.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका जुन्या गास्टहाउसचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या ठिकाणाचा, मालक आमची एल चाखायला येणार होता. पसंत पडली तर पहिल्यांदाच आमचं पिंप दुसऱ्या कुणाच्या काउंटरवर बसणार होतं. त्याच्यासाठी काढलेलं पिंप मी लाकडी घोडीवर आडवं ठेवलं होतं. अशा पिंपाच्या पाठीवरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी बसवतात. तिच्यातून जादा गॅस हळूहळू निघून जातो, थोडा फेस येतो, गाळ तळाशी बसतो आणि एल निवळते. तोवर पिंपाला धक्काही लावायचा नसतो.

मालक आला. गडी धिप्पाड, मिशा पांढऱ्या, चेहऱ्यावर 'बघू या काय ते' असा भाव. मी ऐटीत तोटी लावली आणि लाकडी हातोड्याचा एक ठोका हाणला. तोटीच्या चहूबाजूंनी एल अशी उसळली की मालकाचा शर्ट आणि माझी ऐट दोन्ही भिजली. वर पाहते तर मऊ खुंटी गायब, तिच्या जागी शेजारच्या फळीवरची, गॅस पूर्ण अडवणारी टणक खुंटी घट्ट ठोकलेली. कोंडलेल्या गॅसने तळाचा सगळा गाळ घुसळून वर आणला होता.

खिडकीशी बाबा उठून उभे राहिले. "अगं, काल तिथून फेस येत होता. मला वाटलं गळतंय. तुझं नुकसान नको म्हणून मीच बंद केलं."

पिंपाला हात न लावणाऱ्या माझ्या बाबांनी हात लावला, तो हा असा. मला हसावं की रडावं कळेना.

मालकाने ग्लास उजेडात धरला. ताकासारखं गढूळ. एक घोट घेतला. "आल्झो, फ्राउ डॉक्टर, चव चांगली आहे. इथे लोक गव्हाची गढूळ बिअर, वाइत्सन, आनंदाने पितात. हे पिंप आजच न्यायला तयार आहे मी."

"नाही," मी म्हणाले. "माझी एल अशी नसते. परवा या, दुसरं पिंप निवळतंय."

"मी रोज रोज येत नाही."

"मग तुमचा नाइलाज आणि माझाही."

तो मान हलवत निघून गेला. त्याच्या हातवाऱ्यांवरून ताडून बाबांनी विचारलं, "तो घ्यायला तयार होता ना?"

"होता."

"मग?"

"अहो बाबा, खराब माल आपल्या नावाने कसा देऊ?"

मी ते पिंप मोरीत ओतून दिलं. ओतताना मान खाली गेली नाही. बाबा शेवटचा थेंब जाईपर्यंत शेजारी उभे होते.

तिसऱ्या दिवशी मालक आला. कुरकुरत आला, पण आला. या वेळी ग्लासात मधाच्या रंगाची एल होती, पलीकडची खिडकी दिसेल इतकी नितळ. त्याने ग्लास संपवला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाला आणि पिंप कधी पाठवता ते विचारलं. मी तारीख सांगत होते तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. नागपूरहून आत्याचा व्हिडिओ कॉल होता. मागच्या टाक्या पाहून तिने विचारलं, "दादा, हे कुठे बसलाय तुम्ही?"

"मुलीच्या ब्रुअरीत. बिअर बनवते ती."

मग आत्याचा दबका आवाज आला, "अहो दादा, हळू बोला, कुणी ऐकेल."

बाबांनी फोन जरा लांब धरला आणि आवाज आणखी चढवला. "ऐकू दे ना. मी थेंबभर घेत नाही, घेणारही नाही. पण मनासारखी झाली नाही तर अख्खं पिंप ओतून देते माझी पोरगी. मी डोळ्यांनी पाहिलंय."