आतोबांचं व्हिटॅमिन आणि ब्रँडी

आपल्या लघवीच्या तक्रारी भर पंगतीत, कोशिंबीर मागावी इतक्या सहजपणे सांगणारा माणूस साऱ्या कुंभकोणमात एकच, आणि तो आमच्याच घरात निघाला: माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. हा सहजपणा जन्मजात नव्हता. त्याआधी कितीतरी वर्षं ते रोज संध्याकाळी ब्रँडी घेत आणि सकाळी तिचं प्रायश्चित्त म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या. लघवी पिवळीधमक झाली की स्वारी खूष. म्हणत, “औषध अंगीं लागलें.” घडोघडी उठणं, न्हाणीघरात ताटकळणं, धार थेंबांवर येणं, या सगळ्यावर त्यांचा एकच इलाज, आणखी एक गोळी. बाजारात कुठल्या देवळामागे, कुठल्या कॉफीच्या हॉटेलात सोय आहे ते त्यांना तोंडपाठ. डॉक्टरांचं नाव काढलं की मात्र ते तमिळ बोलू लागत. मराठी बोलणाऱ्या आमच्या घरात तमिळ सुरू झालं की विषय संपला, असं आम्ही समजायचो.

मग लेकीचा साखरपुडा आला, जवळच तिरुनागेश्वरमला व्याह्यांच्या घरी. व्याही भारदस्त आणि अबोल. आनंदाच्या भरात आतोबांनी आदल्या संध्याकाळी जरा जास्तच घेतली होती, आणि सकाळपासून लघवी होईना. पोट तटतटलेलं, कपाळाला घाम, तरी हसतमुखानं पाहुण्यांना विडे देत बसले. बोललो तर लेकीचं जमलेलं मोडेल, ही धास्ती. अंगठी घालायच्या वेळी त्यांना उठताच येईना. लेक घाबरून जवळ आली, तेव्हा सगळ्यांसमोर ते व्याह्यांना म्हणाले, “मी रोज पितों. लघवी तुंबली आहे. मज डॉक्टराकडे न्या.”

व्याह्यांनी लगेच गाडी काढली. नळी घालून मोकळं केल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की प्रोस्टेट वाढलंय, त्यात दारूची भर, आणि व्हिटॅमिननं दारू धुतली जात नाही. आतोबांनी मान हलवली. निघताना व्याही मागे रेंगाळले आणि त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, “मलाही तपासाल का?” लग्न मोडलं नाहीच, उलट दोघे व्याही तपासणीला जोडीनं जाऊ लागले.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सुटली. हात थरथरले, चिडचिड झाली, पण सुटली. आणि आतोबा बोलके झाले. पंगतीत कुणी दोनदा उठलेला दिसला की शेजारी बसून विचारपूस करत. लोक हसत आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप त्यांच्या घरी येत.

संध्याकाळी मात्र त्यांना करमेना. मग आत्या त्यांना महामहमच्या तळ्यावर फिरायला नेऊ लागली. एकदा मीही बरोबर असताना, आतोबांनी पायरीवर सरकून केलेल्या जागेत बसत ती मला म्हणाली, “लग्न होऊन इतकीं वर्षें झालीं, यांच्याबरोबर संध्याकाळ कशी असते तें आतां कळतें.”

गेल्या वर्षी आत्या गेली. आता हे पुन्हा बाटलीकडे वळणार, अशी आम्हा सर्वांना भीती होती. ते वळले नाहीत. दिवस कलला की धोतर सावरत एकटेच तळ्यावर जातात, आणि पायरीवर थोडं सरकून बसतात.