ठिणगी आणि तेंदूचं पान

उजाडताच आम्ही नागपूर सोडलं. देवरीहून तार आली होती, मामाचं आता काही खरं नाही. आई माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर गंगाजलाची लोटी. ते आपल्या हातानं भावाच्या तोंडात घालायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

कोहमारा मागे पडला आणि जंगल लागलं. तिथं आमच्या जुन्या गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. बाजूलाच तेंदूची फळी (पानांचे पुडे वाळवायची जागा) होती. पुडे उलटवणारा एक पिकल्या केसांचा माणूस उठून आला. बुधराम त्याचं नाव.

"काऊन थांबली जी गाडी? मी पाहून देऊ का? लढाईत फौजेची लारी चालवत होतो."

मी त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या धोतराकडे पाहिलं. "नको. मला कळतं गाडीतलं."

"पाहू दे ना त्याला," आई म्हणाली. मी ऐकलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी. पेट्रोलमध्ये कचरा आहे असं ठरवून नळी फुंकली, कार्ब्युरेटर खोलला, धुतला, पुन्हा बसवला. हँडल मारून हाताला फोड आले. फळीवरच्या बायकांनी आईला सावलीत बसवून पेज (तांदळाची पातळ कांजी) दिली. तिनं ती तशीच धरून ठेवली. दोन तास गेले. शेवटी मीच बुधरामला हाक मारली.

त्यानं प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. "मारा हँडल." मी मारलं.

"तेल येऊन राहिलं जी. ठिणगीच नाही येऊन राहिली."

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून त्यानं आतले पॉइंट दाखवले, ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन धातूचे तुकडे. ते काळे पडून एकमेकांना चिकटल्यासारखे झाले होते. काडीपेटीच्या खरखरीत बाजूनं त्यानं ते घासले. फट मोजायला पट्टी नव्हती. त्यानं पुड्यातलं एक वाळलेलं पान घेतलं, दुमडलं, पॉइंटमध्ये सरकवलं, तेवढी फट ठेवून स्क्रू आवळला आणि पान ओढून काढलं. गाडी सुरू झाली. त्यानं काही घेतलं नाही. "बाईले लवकर पोचवा," एवढंच म्हणाला.

देवरीत मामाच्या दाराशी माणसं उभी होती. तासभर आधीच तो गेला होता. "ताई आली का, हेच विचारत होते," मामी म्हणाली. आईनं त्याच्या मिटलेल्या ओठांवर गंगाजल सोडलं. ते गालावरून उशीवर ओघळलं.

तेरावा करून आम्ही परत निघालो. त्या जागी आईनं गाडी थांबवायला सांगितली. फळी उठली होती, मोकळ्या जमिनीवर चार पानं उडत होती. ती खाली उतरली नाही.

"त्याला किती वेळ लागला होता रे?"

"पंधरा मिनिटं."

तिनं मांडीवरची रिकामी लोटी सावरली. मग म्हणाली, "चल."

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. गाडी बंद पडली म्हणून बहीणभावाची भेट चुकली, असं लोकांना सांगायची सोय मला राहिली नाही.