कार्डाच्या आतले आकडे

या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचतो, पण त्यातल्या एकावरही माझा विश्वास बसला नव्हता. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. गाव वरकुटे, आजोबांपर्यंत घरात मेंढरं. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांना गळ घातली म्हणून मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. जे मीटरवर दिसत नाही ते नाही, असं मानणारा मी... तरी हे लिहितोय.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये आम्ही साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी कंट्रोल कार्डं बनवायचो. मी नवा होतो, नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. आमचं पहिलं चार थरांचं कार्ड माझ्याकडे आलं. असं कार्ड म्हणजे तांब्याच्या नक्षीचे चार थर एकावर एक दाबून एकजीव केलेले. वरच्या थराखाली लगेच ग्राउंडचा थर, मग पॉवरचा, मग खालचा – हा क्रम मी ठरवला होता. मधले दोन उलटे झाले तरी मीटरवर सगळं बरोबरच दिसतं. पण शेजारी मोठी मोटर सुरू झाली की कार्ड बावचळतं.

प्रत्येक थराच्या नक्षीची पारदर्शक फिल्म तपासून पुण्याच्या फॅब्रिकेटरकडे, म्हणजे थर दाबून कोरं कार्ड तयार करणाऱ्याकडे, पाठवायचं काम तात्यांचं. तात्या कऱ्हाटी गावचे, शाळा सातवीपर्यंत, पण हात असा की मी नकाशा वाचायला त्यांच्याकडूनच शिकलो. ते प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात शाईने आकडा काढायचे – मराठीत. फिल्मवरची शाई कार्डात तांबं होऊन उतरते, म्हणून आकडे एकापुढे एक सरकवलेले; हे कार्ड तयार झालं आणि उजेडासमोर धरलं की १ २ ३ ४ ओळीत दिसावेत. त्यांच्या चारची खालची गाठ नेहमी उघडी राहायची.

मला त्या आकड्यांची लाज वाटली. पुण्याचे लोक हसतील, गावठी म्हणतील... तात्या जेवायला गेले असताना मी ब्लेडने चारही आकडे खरवडले. क्रमाची चिठ्ठी इंग्रजीत टाईप करून जोडू म्हटलं. आणि ती जोडायची विसरलो.

फॅब्रिकेटरने अंदाजाने थर लावले. कारखान्यात कार्डं बावचळली, सगळी परत आली. एकाची कड घासून भिंगाखाली पाहिली तेव्हा कळलं – दोन आणि तीन उलटे.

शेड चालवणाऱ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"तात्या, फिल्मवर नंबर नव्हते?"

"टाकलं व्हतं सायेब."

"मग गेले कुठं? उडून?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"वय झालं तुमचं तात्या," साहेब म्हणाले. "आता घरी आराम करा."

तात्यांनी भिंग टेबलावर ठेवलं, टोपी नीट केली आणि गेले.

पुढच्या लॉटसाठी सगळ्या फिल्म नव्याने काढल्या. आकडे मी कॉम्प्युटरवरच टाकले, इंग्रजीत, आणि पाकीट स्वतः बंद केलं. कार्डं आली. दुपारी खिडकीशी एक धरून पाहिलं. एका कोपऱ्यात माझे आकडे होते. समोरच्या कोपऱ्यात – १ २ ३ ४. चारची गाठ उघडी.

दुसरं उचललं, तिसरं उचललं... सगळ्यांत. वरून काढलेली शाई नव्हे, आतलं तांबं. दाबलेल्या कार्डाच्या आत नंतर कुणी काही घालू शकत नाही. पुण्याहून परत आलेल्या फिल्म पुन्हा तपासल्या, तो कोपरा कोरा. आमच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षर उमटतच नव्हतं. फॅब्रिकेटरला फोन केला. तो म्हणाला, "फिल्ममध्ये असेल तेच येतं राव. आम्हाला मराठी बाराखडी गिरवायला वेळ कुठाय?"

रविवारी कार्ड घेऊन कऱ्हाटीला गेलो. तात्या गोठ्यापुढे कडबा तोडत होते.

"या विंजनेर! वाट चुकला जनू?"

मी कार्ड दिलं. त्यांनी ते उन्हासमोर धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हात माझाच हाय," ते म्हणाले. "पन मी न्हाय काढलं. मी तितं हायच कुठं?"

"तात्या, तेव्हाचे आकडे मी खरवडले होते."

"ठावं हाय. ब्लेड माझंच घेतलं व्हतंस. धार गेली त्याची."

मला रडू आलं. ते कार्ड माझ्या हातात देत म्हणाले, "सायबाला सांगितलंस?"

"नाही... कायम झाल्याचं पत्र यायचंय."

"मग हितं येऊन काय उपेग? मला तर ठावंच हाय की." ते पुन्हा कडबा तोडायला लागले. "पत्र आल्याव सांग."

पत्र आलं. वडिलांनी वरकुट्यात पेढे वाटले. मी साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परतलो. त्यानंतरच्या एकाही लॉटमध्ये ते आकडे आले नाहीत. तात्या पुढच्या वर्षी गेले.

ते एक कार्ड माझ्याकडे आहे. माझ्याहून हुशार माणसांना दाखवलं. कुणी म्हणालं फिल्मवर डाग असेल, कुणी म्हणालं थट्टा. तांब्यात चार आकडे कसे आले, ते मला आजही सांगता येत नाही.

साहेब आता निवृत्त आहेत. हा अंक त्यांच्याकडे जातो, हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहिलं.

साहेब, तात्यांनी नंबर टाकले होते.