वांगं न खाणाऱ्यांची कुपनं

सकाळी कुसुमलताभाभी तव्यावर खाखरे भाजत होत्या, तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाहेर केळीच्या मळ्यातल्या लताबाई उभ्या होत्या, हातात कुपनांचं पुडकं घेऊन. कॅन्सरच्या गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला जायचा आणि रिपोर्टला महिना लागायचा. ती तपासणी करणारं मशीन इथल्याच दवाखान्यात यावं म्हणून पैसे जमवायला लताबाईंनी मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी ठेवली होती.

“लताबाई, आम्ही जैन. वांगं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.”

“मले माहीत आहे. म्हनूनच तं पहिले तुमच्याकडे आली. आमचे पाटील एका कुपनावर चारदा वाढून घेतात. तुम्ही पैसे द्याल अन् खानार नाही, माह्ये वांगे वाचतील.”

भाभींना हसू आवरेना. “बरं, द्या दोन.”

“दोनच? तुमच्या जावेनं पाच घेतले.”

जावेनं पाच म्हटल्यावर भाभींनी सहा घेतली. पैसे देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. “सगळ्यात आधी माझ्याकडे आलात ना? मग जावेनं घेतली कधी?”

“घेईल ना आता. तुमचे सहा सांगते की तिले.”

लताबाई निघाल्या, पण दारातच थांबल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी दवाखान्याची पावती काढली. तिच्यावर नाव त्यांचंच होतं, तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची.

“मशीन येईल तवा येईल. माह्या गाठीचा रिपोर्ट शुक्रवारी मुंबईहून येतो. भाभी, तो घ्यायले माह्यासंगं चला.”