सदाच्या रथाचं चाक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला सांगितलं असतं तर ती हसली असती — खेळातली गोष्ट ती, एवढं काय? खेळातलीच. पण घरात पोरं सापशिडी मांडून बसली की मी अजून फाशाला हात लावत नाही.

नव्वदीच्या शेवटी कॉलेजात असताना आम्ही चौघं कोल्हापूरला कळंब्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. पुण्याच्या मावसभावानं मला एक खेळ शिकवला होता — कागदावर आपला गडी लिहायचा, तो काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि जमलं का नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आम्ही रोमचा आखाडा मांडला. तलवारी, ग्लॅडिएटर, रथांच्या शर्यती. गोष्ट चालवणारा मी. कोल्हापूरची पोरं आम्ही, त्यामुळं मला नाव पडलं पंच, आणि कुस्तीतला नियमही आला — पंचाचा शब्द शेवटचा. माझा फासा मी बुटाच्या खोक्याआड टाकायचो. उठून कुणी कधी बघितलं नाही.

सदा गडहिंग्लजचा. त्याचा गडी रथ हाकणारा गुलाम. घोड्यांना नावं मात्र त्यानं आपल्या अप्पांच्या शर्यतीच्या बैलांची दिलेली. दोन वर्षं दर रविवारी तो एकाच गोष्टीसाठी खेळला — मोठी शर्यत मारायची, गुलामाला मोकळं करायचं. मग अप्पा अंथरुणाला खिळले आणि सदा कॉलेज सोडून गावी निघाला. शेवटच्या रविवारी मी त्याची शर्यत मांडली.

आता कसं सांगू? मी चिडलो होतो. अप्पांचं कळत होतं हो मला — पण माझा जिवाभावाचा एकच दोस्त, तो चालला होता, आणि वर शर्यतीच्या नादात एवढा खुशीत! शेवटच्या वळणावर त्याचा रथ पुढं. बाकीचे दोघं उभं राहून ओरडायला लागले. सदा चटईवर गुडघे टेकून बैल हाकल्यासारखा आरोळ्या मारत होता. चाक टिकतंय का, एवढंच राहिलं होतं. एक पडला तरच ते मोडणार होतं. मी खोक्याआड फासा टाकला.

एकोणीस पडले. मी म्हणालो, एक.

सदा चटईवरून उठला. मग तालमीत घेतात तसा माझा हात हातात घेतला. "पंच, निकाल मान्य हाय." कागदाची घडी करून खिशात घातली. तो पुन्हा कधी खेळला नाही.

बऱ्याच वर्षांनी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर भेटला. बरोबर सहा-सात वर्षांची लेक. मला ओढत चहाला नेलं, आणि लेकीला सगळी शर्यत सांगितली, पार चाक मोडलं तिथपर्यंत. पोरगी खवळली — "खोटं असंल की ते, पप्पा!"

सदा हसला. "न्हाय गं. ह्यो आमचा पंच. ह्यो कधी खोटं बोलला न्हाय."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी मान डोलावली.